तीन हातांनी गेलेला कागद

आमच्या सुनेच्या हातात पाण्याचा पेला दिला की ती आधी तो उजेडाकडे धरते. मग बुडाला नखाने एक टिचकी मारते, कान जरा कलता करते आणि मग पिते. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. लोकांना वाटतं, ही पेला स्वच्छ आहे की नाही ते बघते आहे. दोन घरच्या बायका त्यावरून रुसल्या आहेत. मी सांगून सांगून थकले, की तिला घाण दिसत नाही, तिला तडा दिसतो.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने माझ्या सहा पेल्यांतले चार वेगळे काढले आणि म्हणाली, "आई, हे फुटणार." मला राग आला. घरात पाऊल ठेवून चार दिवस झाले नाहीत आणि ही माझ्या पेल्यांना नावं ठेवते. मी मुद्दाम तेच चार वापरात ठेवले. महिन्याभरात तीन फुटले, त्यातला एक गरम चहा ओतताना माझ्याच हातात. चौथा मी गुपचूप कपाटात वर सरकवून दिला. तो अजून तिथेच आहे, त्याला कुणी हात लावत नाही. तेव्हापासून मी तिला काचवाली म्हणते. आता सगळी गल्लीच म्हणते.

काचवाली बाटल्यांच्या कारखान्यात होती, लग्नाच्याही आधीपासून, एकूण एकोणीस वर्षं. मी एकदाच आत जाऊन पाहिलं आहे. पांढरा दिवा लावलेला एक पडदा असतो आणि त्याच्यापुढून बाटल्या एकामागून एक सरकत जातात. समोर उंच स्टुलावर ही. वीस मिनिटं नुसतं बघायचं, मग दहा मिनिटं डोळ्यांना विसावा म्हणून खोकी भरायची, मग पुन्हा वीस मिनिटं. बुडबुडा दिसला, काचेत खडा दिसला, मान वाकडी दिसली, केसाएवढा तडा दिसला की ती बाटली उचलून मागच्या पेटीत. डोळ्यांत तेल घालून बघणं असं आपण नुसतं बोलतो. तिने ते केलं. मी पाच मिनिटं बघितलं तर मला घेरी आली.

मग मालकांनी काच बंद करून प्लास्टिक करायचं ठरवलं. प्लास्टिकला तपासायला माणूस लागत नाही म्हणे. शेवटच्या दिवशी सगळ्यांना आठवण म्हणून एकेक बाटली दिली. हिने ती घेतली, उजेडाला धरली, परत केली आणि दुसरी मागितली.

दोन-चार दिवस घरात हसणं झालं त्या बाटलीवरून. मग हसणं संपलं. माझा मुलगा घरोघर सामान पोचवायची गाडी चालवतो. एकाच्या कमाईत घर चालतं, पण लंगडत. तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला. माझ्या लेकीचं गाव पाच तासांवर, तिथे त्यांचं रंगाचं दुकान आहे. जावई माणूस फार सरळ आहेत. म्हणाले, "आई, वहिनींना इकडे पाठवा. गल्ल्यावर बसतील, राहायला वरची खोली आहे, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतील. फक्त मला दीड महिन्यात, एक तारखेपर्यंत, काय ते सांगा. मग मला दुसरं माणूस बघावं लागेल."

माझी नात अकरा वर्षांची. तिने कॅलेंडरवर पंधरा-पंधरा दिवसांनी पेनाचे ठिपके द्यायला सुरुवात केली. ते पाहून काचवाली म्हणाली, "मला जायचं नाही." एवढंच म्हणाली. पण आपण बाटल्या बघणारी बाई, आपल्याला कोण ठेवणार, हे तिनेच मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता इथे मला माझी चूक सांगायला हवी. आमच्या घरात एक रीत आहे आणि ती मीच लावलेली. कुठलीही गोष्ट पक्की झाल्याशिवाय बोलायची नाही. माझे यजमान उलटे होते. आज बढती मिळणार, उद्या मोठं घर घेणार, परवा सगळ्यांना समुद्र दाखवणार. पोरं उड्या मारायची आणि मग त्यांची तोंडं उतरलेली मला बघावी लागायची. म्हणून मी मुलांना वळण लावलं, की झालं की सांगा, होणार आहे ते पोटात ठेवा. हे वळण सगळ्यांना इतकं लागलं, की आमच्या घरात एकाच छताखाली चार माणसं राहतात आणि कोण कशाची वाट बघतंय ते कुणालाच माहीत नसतं.

काचवालीने नोकरी लावून देणारा एक माणूस गाठला. फोटोकॉपीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्याची एजन्सी. उन्हातान्हातही टाय लावून बसतो, म्हणून तो टायवाला. त्याने हिला विचारलं, "कुठलं काम चालेल?" ही म्हणाली, "काहीही चालेल." मग त्याने दोन पानी कागद करून दिला, बायोडेटा म्हणतात तो. मी नातीकडून वाचून घेतला. स्वभाव मेहनती. प्रामाणिक. वक्तशीर. सर्वांशी मिळून-मिसळून वागणारी. नातीला म्हटलं, "तुझ्या आईला नोकरी हवी आहे की चांगल्या वागणुकीचा दाखला?" बाटलीचं नाव त्यात एकदा होतं, तेही दुसऱ्या पानावर तळाला.

तीन आठवडे गेले, कुठूनही फोन नाही. त्या कागदाच्या पाच-सहा प्रती टेबलावर पडून असायच्या. मी एक घडी करून पिशवीत टाकली. माझी खालची कवळी सैल झाली होती, त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे फेऱ्या चालू होत्या. त्याच जिन्यावर, डॉक्टरच्या समोरच्या दारावर, नोकरभरती अशी पाटी. आत एक बाई बसलेली असायची, एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर. मी आत गेले.

ती म्हणाली, "आजी, नोकरी तुम्हाला हवी आहे?"

"मला कवळी हवी होती, ती मिळाली. नोकरी सुनेला."

कागद वाचून तिने दोन गोष्टी विचारल्या. "तुम्ही आलात हे तिला माहीत आहे?" मी म्हटलं, "आहे तर." "हा कागद आणखी कुणाकडे दिलाय?" मी म्हटलं, "छे." दोन प्रश्न, दोन खोटी उत्तरं, आणि वर तोंडात नवी कवळी. जिना उतरताना मला फार बरं वाटत होतं. म्हटलं, झालं तर बघेल, नाही झालं तर तिला कळणारही नाही.

एक तारखेला अडीच आठवडे उरले असताना, एका दुपारी काचवाली घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीवर बसली. तिच्या हातून असं कधी होत नाही.

"आई, टायवाल्याने बोलावलं होतं. नदीपलीकडे इंजेक्शनच्या कुप्यांचा कारखाना आहे. काचेच्या. त्यांना तपासणीला अनुभवी बायका हव्यात."

"मग चांगलंच आहे की."

"माझा कागद त्यांच्याकडे तीन जणांनी पाठवला. टायवाल्याने, कुणी एका बाईने आणि कुणी फोनवरच्या माणसाने. त्यांनी तो बाजूला ठेवून दिलाय. म्हणाले, ही बाई कुणाची ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला भांडण नको." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कुणाला दिला होता का?"

मी कवळी जिभेने चाचपली. "दातांच्या डॉक्टरसमोरच्या बाईला."

संध्याकाळी मुलगा आला. त्याला विचारलं तर तो आधी गाडीची किल्ली खुंटीला लावत राहिला, मग लावलेली काढून पुन्हा लावली.

"अहो, तुम्ही पण?"

"तिसऱ्या मजल्यावर एक गिऱ्हाईक आहे. गॅलरीत उभा राहून फोनवर लोकांना नोकऱ्या लावत असतो. मी खोकं पोचवायला गेलो आणि कागद दिला."

"मला सांगायचं नाही?"

"पक्कं झालं की सांगणार होतो."

यावर ती रागावेल असं मला वाटलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. म्हणाली, "मला वाटत होतं माझ्यासाठी कुणी काहीच करत नाही. सगळे एवढे गप्प. आणि तुम्ही दोघं माझे कागद वाटत हिंडताय." नात आतून म्हणाली, "मी कुणालाच दिला नाही हं." तेवढं एकच माणूस घरात शहाणं निघालं.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन मी त्या बाईकडे गेले. खोटं मी बोलले होते, तेव्हा तोंड मलाच दाखवायचं होतं. दोन चष्मेवाली चिडलेलीच होती.

"आजी, तुम्ही मला तोंडावर छे म्हणालात."

"म्हणाले. चुकलं माझं. आता हिला शिक्षा नको, मला करा."

ती थोडी निवळली आणि तिने आम्हाला समजावलं. तिच्यासारखी माणसं नोकरी मागणाऱ्याकडून काही घेत नाहीत, घेत असतील तर तिथून उठून यावं. त्यांना पैसे कंपनी देते, ज्याने माणूस आणला त्याला. एकच माणूस तिघांनी आणला की तिघांचा वाद, म्हणून कंपनी त्या माणसालाच सोडून देते. "तुम्ही तिला तीन दारांतून एकदम आत ढकललंत," ती म्हणाली, "ती उंबऱ्यातच अडकली. दहा एजन्सींकडे जा, माझी ना नाही. पण एका कंपनीला एकच. आणि कोण कुठे पाठवतंय ते तुम्हाला माहीत पाहिजे."

मग ती सुनेकडे वळली. "ताई, तुम्ही नेमकं काय करता?"

"बाटल्या तपासते."

"कशा?"

"बघते."

"बघते म्हणजे?"

काचवालीला पुढे बोलता येईना. एकोणीस वर्षं जे केलं ते तोंडाने कधी सांगावंच लागलं नव्हतं. मी मध्ये बोलणार होते, पण त्या बाईने मला डोळ्यांनीच थांबवलं. काचवाली खाली बघत बसली, मग वर बघितलं, आणि बघतच राहिली. त्या बाईच्या कपाळाच्याही वर.

"तुमच्या डोक्यावरच्या चष्म्याची उजवी काच. कडेला, स्क्रूपाशी, तडा आहे. फार तर महिना टिकेल."

बाईने चष्मा काढला, नाकावरच्या चष्म्यातून पाहिला, खिडकीत नेऊन पाहिला. "मला तर काही दिसत नाही."

"तिरका धरा. अजून थोडा. आता."

बाईने चष्मा टेबलावर ठेवला आणि कोरा कागद ओढला. "आता हे मला सांगा. तिरका का धरायचा?"

तिथून जी काचवाली बोलायला लागली ती थांबेना. कुठला दोष समोरून दिसतो, कुठला बाजूने. वीस मिनिटांनंतर डोळा खोटं का सांगतो. पाळी बदलताना नव्या मुलींना ती काय शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेला माल गिऱ्हाईकाने एकोणीस वर्षांत किती वेळा परत पाठवला, तर तीनदा, आणि ते तिन्ही दिवस तिला अजून पाठ. मेहनती आणि प्रामाणिक कुठल्या कुठे गेलं. नवा कागद एका पानाचा झाला आणि बाटली पहिल्या ओळीत आली.

"काय नको ते सांगा," बाई म्हणाली.

"काहीही चालेल."

"ताई, काहीही चालेल म्हणणाऱ्याला काहीही मिळतं."

काचवालीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घर सोडून राहायचं नको."

"आणि मला सांगायचं नाही असं काही आहे?"

इथे आमच्या घरातलं आणखी एक पोटात ठेवलेलं बाहेर आलं. गेलं वर्षभर तिला जवळचं बारीक दिसायला त्रास होत होता. तिने गुपचूप चष्मा करून घेतला होता आणि तो पिशवीच्या तळाशी लपवून ठेवायची, घरी कुणाला दाखवला नव्हता. तपासणीच्या बाईला चष्मा लागला हे कळलं तर कोण घेईल, ही भीती. मला एवढं लागलं ते ऐकून. एका खोलीत बसून भाजी निवडतो आम्ही.

बाई म्हणाली, "मी त्यांना आधीच सांगते. चष्मा त्यांना चालतो, मी विचारलेलं आहे. नंतर कळलेलं चालत नाही." आणि जाता जाता, "दर मंगळवारी अकरा वाजता मला फोन करा. काही नसलं तरी करा. ज्याचा आवाज कानात ताजा, ते माणूस आधी आठवतं." आणखी एक अट घातली. त्या कुप्यांच्या कारखान्याला काचवालीने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, की माझं नाव ह्या एकाच बाईकडून समजावं, आणि बाकीच्या दोघांना तिनेच तोंडाने सांगायचं.

फोनवरच्याला सांगणं सोपं गेलं. त्याला आमचा कागद आठवतही नव्हता. टायवाला मात्र बिथरला. "ताई, सगळ्यात आधी मी पाठवला होता. तारीख बघा."

मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. वाटलं, ही आता नेहमीसारखी बरं म्हणून परत येईल.

"तुम्ही पाठवलात," काचवाली म्हणाली, "पण कुठे पाठवता ते मला सांगितलं नव्हतं. वीस ठिकाणी पाठवलात, मला एकाचं नाव माहीत नाही. माझी चूक एवढीच, की मी विचारलं नाही. इथलं सोडा. बाकी ठिकाणी तुम्हीच पाठवा, हा नवा कागद घ्या, पण आधी मला नाव सांगायचं."

टायवाल्याने टाय सैल केला. मी तरी तो तेव्हा पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. नवा कागद वाचून म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

घरी येऊन तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून फ्रिजवर लावलं. कुठल्या कंपनीत, कुणाच्या हातून, कुठल्या दिवशी, काय उत्तर. सगळ्यांना दिसेल असं. माझ्या अंगावर काटा आला. न झालेल्या गोष्टी अशा भिंतीवर मांडायच्या म्हणजे आमच्या घरात उघड्यावर अंघोळ करण्यासारखंच. पण येता-जाता सगळे ते वाचायला लागले. पोरगा गाडीवरून आला की आधी फ्रिजपाशी, मग पाण्यापाशी. नात खाली बारीक अक्षरात लिहायची, मंगळवार, फोन. मला फार वाचता येत नाही, पण त्या पानावरचं मला सगळं यायचं.

दुसऱ्याच मंगळवारी कारखान्याने परीक्षेला बोलावलं. तिथे एका ट्रेमध्ये दोनशे कुप्या ठेवल्या होत्या, चांगल्यात वाईट मिसळून. चष्मा लावून बसली. वाईट वेगळ्या काढल्या. एक मात्र तिने इकडेही ठेवली नाही, तिकडेही नाही, मधे ठेवली. साहेबाने विचारलं, ही काय. ती म्हणाली, "हिच्याबद्दल माझा डोळा आत्ता खात्रीने सांगत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा बघेन." साहेबाने काहीतरी लिहिलं आणि कळवतो म्हणाला.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "अगं, ठोकून द्यायचं काहीतरी."

"इंजेक्शनची कुपी आहे आई. आत औषध असतं. उद्या तुम्हालाच टोचतील."

मग फोन येईना. एकतीस तारीख आली. संध्याकाळी जावईबापूंचा फोन, आणि तो उचलला मी. काचवाली कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. मुलगा दारात. नात फ्रिजपाशी.

"आई, मग काय ठरलं वहिनींचं?"

आजवरच्या माझ्या रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, ठरलं की कळवते. किंवा म्हणायला हवं होतं, पाठवते, कारण हातात तेवढंच होतं. मी त्या फ्रिजवरच्या पानाकडे पाहिलं. सहा ओळी होत्या. दोन ठिकाणी नाही, तीन ठिकाणी काही नाही, एका ठिकाणी नुसतं कळवतो.

"जावईबापू, ठरलेलं काही नाही," मी म्हटलं. "पण इथे नदीपलीकडे तिची परीक्षा झाली आहे, चांगली झाली आहे. आम्हाला आशा आहे. तुम्ही दुकानाला दुसरं माणूस बघा."

"आई, आणि नाही झालं तर?"

"तर मंगळवार दर आठवड्याला येतो."

त्यांना ते काही कळलं नाही, पण माणूस चांगला, बरं म्हणाले. फोन ठेवून मी खुर्चीवर बसले. काचवालीने मला पाण्याचा पेला आणून दिला. आधी टिचकी मारूनच.

मंगळवारी अकराला फोन तिने केला. दोन चष्मेवाली म्हणाली, मीच करणार होते. तीन महिने बघून मग कायम करतात, सोमवारी रुजू व्हा. त्या मधल्या कुपीबद्दल साहेबाने तिला विचारलं होतं, ही बाई नेहमी असंच करते का. बाई म्हणाली, "मी सांगितलं, माझ्या चष्म्याच्या बाबतीत तरी हिने पहिल्या फटक्यात सांगितलं." तो चष्मा तोवर फुटलाही होता. आता ती एकच वापरते.

आता काचवाली सकाळी साडेसातला निघते, सहाला घरी असते. नदीपलीकडे जायला अर्धा तास. चष्मा उघड गळ्यात अडकवलेला. गल्लीतल्या दोन बायका नोकरी शोधताहेत, त्या येऊन बसतात, तर ही त्यांना नाव-पत्ता विचारायच्या आधी विचारते, घरात आणखी कुणी तुमचा कागद कुठे दिलाय का. तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात.

फ्रिजवरचं पान अजून तसंच आहे. नात म्हणते, काढू नका, जागा रिकामी दिसेल. तिने खाली स्वतःच्याही दोन ओळी लिहिल्या आहेत, पोहण्याच्या संघात नाव दिलंय त्याच्या, उत्तराचा रकाना मोकळा ठेवून.

काचवालीचे तीन महिने पुढच्या महिन्यात भरतील. कायम करतील की नाही ते साहेबाने अजून सांगितलेलं नाही. म्हणजे गोष्ट पक्की झालेली नाही. तरी मी तुम्हाला सांगून टाकली.